कढीपत्ता फुकट, पण भाजी घेतल्यावर

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून काढलं आहे. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे. कुठे कुठे अर्धवट राहिलेली वाक्यं तेवढी पुरी केली आहेत.)

मला बोलावलं तेव्हा सांगितलं होतं की, लहानपणी चित्रं काढणारी मुलगी पुढे स्वतःच्या जिवावर काम करणारी चित्रकार कशी झाली, त्यावर बोला. मी म्हटलं, बोलते, पण त्यात चित्रांपेक्षा भाजीच जास्त येईल. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आता तक्रार करायची नाही.

तर मी मंडईतली. महात्मा फुले मंडईत आमच्या आजीचा पालेभाजीचा गाळा. मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, राजगिरा असं सगळं. वडील पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात जाऊन माल आणायचे. आई घरातलं उरकून दहाच्या सुमारास गाळ्यावर यायची. आणि मी शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच. शुक्रवार पेठेतल्या वाड्यात आमच्या दोनच खोल्या होत्या, त्यामुळे अभ्यास, खेळ, डुलकी, सगळं गाळ्यामागे अंथरलेल्या गोणपाटावर व्हायचं.

पाटी लिहिणारी मुलगी

दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं मी केलेलं पहिलं काम म्हणजे भावाच्या पाट्या लिहिणं. आजी शाळेत गेलेली नव्हती. हिशोब तोंडी पक्का, नोटा नजरेनं मोजायची, पण अक्षर गिरवणं तिला कधी जमलं नाही. मी पहिलीत गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. दगडी पाटीचा एक फुटका तुकडा होता. त्यावर खडूनं 'मेथी' लिहायचं आणि खाली आकडा. थोड्या दिवसांनी मी शब्दाशेजारी मेथीचं पान काढायला लागले. तीन पानं एका देठावर, कडेला बारीक दाते. मग चाकवताचं पान वेगळं, राजगिऱ्याचं वेगळं. ही पानं मी पुस्तकात बघून काढली नाहीत. समोर ढीग होता.

ते बघून शेजारच्या गाळ्यावरचे काका म्हणाले, "आमचीपण लिही की." काका कांदे-बटाट्याचे. आता बटाट्याचं चित्र सोपं वाटतं ना? काढून बघा. बटाटा, चिकू आणि दगड यांतला फरक दाखवणं मला तिसरीपर्यंत जमत नव्हतं. काका रोज बघायचे आणि म्हणायचे, "आजचा दगड चांगलाय."

त्या पाट्यांच्या बदल्यात मला कधी पेरू मिळायचा, कधी नुसतीच शाबासकी. आजीनं एकदा टोकलं. म्हणाली, "पाटीचे दोन रुपये माग त्यांच्याकडं. तुझा खडू जातो, येळ जातो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांकडे पैसे कसे मागायचे? चित्र काढायला तर मला आवडतं! मी काही मागितले नाहीत. हे दोन रुपये लक्षात ठेवा. पुढे येणार आहेत.

चित्रकलेतला 'मांडणी' हा शब्द मी कॉलेजात ऐकला, पण मांडणी बघितली आजीच्या गाळ्यावर. कोथिंबिरीचा ढीग कधीही मेथीला लागून नाही, कारण हिरव्यात हिरवं हरवतं. मध्ये मुळ्याची पांढरी रांग किंवा लाल माठ. जुड्यांचे देठ आत, पानं गिऱ्हाइकाकडे. पाणी शिंपडायचं ते वरून, हलक्या हातानं, म्हणजे दिव्याच्या उजेडात थेंब चमकतात. हे सगळं ती बोलता बोलता करायची. विचारलं तर म्हणायची, "असं ठेवलं की जातंय." म्हणजे विकलं जातं.

अष्टकोन

मंडईची इमारत तुम्ही पाहिली असेल. १८८६ साली ती उघडली, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं 'रे मार्केट' म्हणून. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून आठ दिशांना निघालेले आठ पाखे. या इमारतीची एक गोष्ट मला फार आवडते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी मंडईवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला जोतीरावांचं नाव लागलं. ज्यानं खर्चाचा प्रश्न विचारला, त्याचंच नाव दारावर! आज मी जे सांगणार आहे तेही शेवटी पैशाच्या प्रश्नावरच येणार आहे, म्हणून ही गोष्ट आठवली.

त्या अष्टकोनाखाली मी वाढले, पण तो मला दिसला आठवीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या आपल्या कला संचालनालयाच्या परीक्षा. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण तरी बसले असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि चौथा पेपर भूमिती-अक्षरलेखनाचा. या चौथ्या पेपरला मुलं घाबरतात. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी फळ्यावर अष्टकोन काढायची रीत दाखवली. आधी चौरस काढायचा. त्याच्या कर्णाच्या निम्म्याएवढी त्रिज्या कंपासमध्ये घ्यायची आणि चारही कोपऱ्यांतून बाजूंवर कंस मारायचे. बाजूंवर आठ बिंदू मिळतात. ते जोडले की अष्टकोन तयार. मी संध्याकाळी गाळ्यावर आले, गोणपाटावर उताणी पडले आणि वर बघितलं. तोच आकार. इतकी वर्षं डोक्यावर होता आणि मी खाली बटाटे काढत बसले होते.

रद्दीतलं कलादालन

आमच्या घरात चित्रांची पुस्तकं नव्हती. पण रद्दी होती. भाजी बांधून द्यायला कागद लागायचा आणि वडील किलोवर रद्दी घ्यायचे. गठ्ठ्यात वर्तमानपत्रं, पण मधूनच एखादा जुना दिवाळी अंक निघायचा, एखादं शाळेचं पुस्तक. ते वेगळं काढून ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

त्या रद्दीत मला शि. द. फडणीस सापडले. 'मोहिनी'चं ते मुखपृष्ठ तुम्हाला आठवत असेल: तरुणाच्या बुशशर्टवर मांजरांची नक्षी आणि तरुणीच्या साडीवर उंदरांची. एक शब्द नाही, आणि सगळी गोष्ट सांगून झालेली. मग एक जुनं गणिताचं पाठ्यपुस्तक निघालं, त्यातही त्यांचीच चित्रं. गणित मला कधी आवडलं नाही, पण ते पुस्तक मी बरीच वर्षं जपलं. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठंही तशीच मिळाली, काठ खाल्लेली, एखाद्यावर हळदीचा डाग. दलालांबद्दल पुढे वाचलं तेव्हा कळलं की १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला होता. मुळगावकरांनीही स्वतःचा अंक काढला, 'रत्नप्रभा'. म्हणजे आपल्याकडे स्वतंत्र काम करणारा चित्रकार ही इंटरनेटनं आणलेली गोष्ट नाही. या लोकांनी आपल्या चित्रांसाठी स्वतःचा गाळा टाकला होता, असं मी माझ्या भाषेत म्हणते.

रंगांचं म्हणाल तर कॅमलची वड्यांची पेटी. वडी संपली की कोपऱ्यात उरलेला रंग ओल्या ब्रशनं खरवडायचा. मोठी झाल्यावर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जायला लागले. १९४० पासूनची संस्था आहे ती. तिथे कागदाचे कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळायचे. त्या तुकड्यांवर बसेल एवढंच चित्र काढायची सवय लागली. आजही माझी चित्रं लहानच असतात. लोक त्याला शैली म्हणतात. खरं कारण तुम्हाला सांगितलं.

नोकरी

बारावीनंतर अभिनव कला महाविद्यालयात उपयोजित कलेला प्रवेश घेतला तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. वडील म्हणाले, "चित्रं काढून पोट भरतं का?" आजी तिथेच लसूण निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाजी इकून पोट भरंल का, असं तुझा सासरा पण इचारत होता. दिली का नाय त्यानं पोरगी?" वडील गप्प झाले. फी आईनं भिशीच्या पैशांतून भरली.

कॉलेजनंतर जाहिरातीच्या एका कंपनीत लागले. सहा वर्षं काढली. त्या नोकरीला मी नावं ठेवणार नाही. छपाई कशी होते, कागदावर गेल्यावर रंग कसा उतरतो, तारीख पाळायची म्हणजे काय, 'मला सुचत नाही' हे वाक्य गिऱ्हाइकासमोर चालत नाही, हे सगळं तिथे शिकले. पण सहा वर्षांत स्वतःचं म्हणून एक चित्र काढलं नव्हतं. रात्री नऊला घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. एकदा रविवारी गाळ्यावर बसले असताना काकांच्या मुलानं विचारलं, "ताई, हल्ली काढत नाहीस का?" मी म्हटलं, "अरे, रोज तेच तर करते." आणि बोलता बोलता लक्षात आलं की खोटं बोलतेय.

२०१६ च्या फेब्रुवारीत नोकरी सोडली. बँकेत ७२ हजार होते. मी हिशोब केला होता की सहा महिने निघतील. पाचव्या महिन्यात संपले.

नोकरी सोडल्यावर पहिलं वर्ष कसं जातं ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. काम खूप येतं. पैसे येत नाहीत. कुणाच्या लग्नाची पत्रिका, कुणाच्या मुलीच्या वाढदिवसाचं चित्र, कुणाच्या संस्थेचं बोधचिन्ह. 'तुझं नाव होईल.' 'तुला काय, दहा मिनिटांचं काम.' 'पुढच्या वेळी बघू.' आणि मी हो म्हणायचे. का? कारण तेच. चित्र काढायला मला आवडतं, मग पैसे कसे मागायचे? म्हणजे मी सात वर्षांची असताना जिथे होते, तिशीच्या उंबरठ्यावर तिथेच उभी होते. काकांकडून दोन रुपये न मागणारी.

मसाल्याचं पाकीट

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही.

मसाले करणाऱ्या एका कंपनीला पाकिटावर 'आपल्या घरातली वाटेल अशी' म्हातारी बाई हवी होती. मी आजी काढली. नऊवारी, डोक्यावर पदर, एका हातात तराजू. तो तराजू उचलताना ती डावी भुवई किंचित वर करते, तीसुद्धा काढली. चित्र उत्तम झालं होतं, हे मी आजही म्हणेन. सहा हजार ठरले. ठरले म्हणजे फोनवर. कागद नाही, काही नाही. 'चित्र फायनल, पैसे पाठवतो' असा मोबाइलवर एक निरोप. पैसे आले पाच महिन्यांनी, किती फोन केले ते विचारू नका.

वर्षभरानं एक टेम्पो मंडईत आला. त्याच्या मागच्या दारावर आजी. पुरुषभर उंचीची. नुसत्या गरम मसाल्यासाठी काढलेलं चित्र त्यांनी सगळ्या मसाल्यांच्या पाकिटांवर घेतलं होतं, दिनदर्शिकेवर घेतलं होतं, टेम्पोवर घेतलं होतं. मंडईत कल्ला झाला. हमाल, गाळेवाले, सगळे आजीला बोलवायला आले. आजी गेली, टेम्पोसमोर उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं.

"ही मीच हाय का?"

"हो."

"तुला किती दिले?"

"सहा हजार."

"आन् मला?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीनं मला न विचारता माझं चित्र वापरलं म्हणून मी चिडले होते. आणि मी? मी आजीला विचारलं होतं का? तिचा चेहरा, तिचा तराजू, तिची भुवई घेऊन मी विकली होती, आणि तीही स्वस्तात. घरचंच माणूस म्हणून गृहीत धरलं होतं. मला जसं 'दहा मिनिटांचं काम' म्हणणारे गृहीत धरायचे तसंच.

आजी रागावली नाही. गाळ्यावर परत आलो. तेवढ्यात एका बाईंनी मेथीच्या दोन गड्ड्या घेतल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "थोडा कढीपत्ता टाका ना आजी." आजीनं टाकला. त्या गेल्यावर मला म्हणाली, "बघितलंस? कढीपत्ता मी फुकट देते. पन भाजी घेतल्यावर. आन् मी देते, गिऱ्हाईक हात घालून उचलत नाय. तू गाळा उघडा टाकून गेलीस, लोकांनी उचललं. लोकांचं काय चुकलं?"

कागदावर काय लिहायचं

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका वकील बाईंकडे गेले. मला वाटत होतं त्या म्हणतील, नोटीस पाठवू. त्यांनी आधी मला कायदा समजावला, आणि तो माझ्या समजुतीच्या बराच उलटा निघाला. इथे थोडा वेळ थांबते, कारण ऐकणाऱ्यांत चित्रं काढणारे असतील.

आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. साधारणपणे चित्राचा पहिला मालक चित्रकारच. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. कुणी पैसे देऊन, सांगून एखादं चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्रही तसंच, मालकाचं. म्हणजे 'काही ठरलं नव्हतं' हे मी माझ्या बाजूनं सांगत होते, ते खरं तर माझ्या विरुद्ध होतं.

मग कलम १९. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, सहीनिशी. कोणतं चित्र, कोणते हक्क, किती मुदत, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे त्यात यावं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि कलम ५७: हक्क विकले तरी 'हे मी काढलं आहे' असं म्हणायचा अधिकार चित्रकाराकडे राहतो, आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड कुणी केली तर दाद मागता येते. अमरनाथ सहगल या शिल्पकाराचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं काढून टाकलं होतं. ते न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. सरकारनं विकत घेतलेल्या कलाकृतीबद्दलचा निकाल आहे हा.

माझ्या बाबतीत वकील बाई म्हणाल्या, लढता येईल, पण वेळ आणि पैसा तू बघ. मी लढले नाही. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तो टेम्पो अजून कधीतरी दिसतो. या गोष्टीचा शेवट गोड नाही, आणि मी तो गोड करून सांगणार नाही.

पण त्यानंतर मी एक पानाचा मराठी मसुदा करून घेतला, आणि त्यावर सही झाल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. चित्र कशासाठी, किती ठिकाणी, किती वर्षं. बदल दोनदा फुकट, तिसऱ्यांदा पैसे. निम्मे पैसे आधी. मूळ चित्र माझं. पहिल्यांदा हा कागद पुढे केला तेव्हा हात थरथरत होता. समोरच्या माणसानं वाचला, सही केली, चहा मागवला. एवढंच झालं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं. अर्थात काही जण कागद बघून परत आले नाहीत. ते तसेही पैसे देणार नव्हते, असं आता वाटतं.

आणखी एक. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करा, ती फुकट होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर व्याज चढतं. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक टाकायला लागल्यापासून माझे फोन कमी झाले.

आणि भाव कसा काढायचा? आजीची रीत. ती माल किती पडला, टेम्पोभाडं, गाळ्याचं भाडं, वाया काय जाणार, हे धरून गड्डीचा भाव काढते. मीही तेच केलं. घरखर्च, सामान, वीज, विमा, म्हातारपणासाठी थोडं. मग भागाकार. चूक इथे होते की आपण पंचवीस दिवसांनी भागतो. माझे पैसे मिळवून देणारे दिवस महिन्याला बारा. बाकीचे फोनमध्ये, प्रवासात, बिलं करण्यात, आणि न जमलेली चित्रं फाडण्यात जातात. म्हणून बारानं भागा. आकडा मोठा येतो. मोठ्यानं म्हणून बघा, आरशासमोर. हसू नका, मी केलंय ते. आजी दिवसभर अख्ख्या मंडईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात भाव सांगते, आणि तिची नात बंद खोलीत पुटपुटत होती.

मी एकदा आजीला म्हटलं, संध्याकाळ झाली की तूही भाव उतरवतेसच की. ती म्हणाली, "माझी मेथी सकाळी पिवळी पडती. तुझं चित्र पिवळं पडतंय व्हय?"

पाटी कुठंय?

२०१९ मध्ये मंडईतल्या माणसांची चित्रं केली. हमाल, नारळवाले, लिंबं विकणाऱ्या बायका, पहाटे झाडणारे लोक. या वेळी प्रत्येकाला आधी विचारलं. कुणी नाही म्हणालं तर त्याला काढलं नाही. दोघं नाही म्हणाले. चित्र विकलं गेलं तर त्यातला ठरलेला हिस्सा त्यांचा, आणि एक छापील प्रत घरी. काही कलाकार मित्र म्हणाले, असं कुणी करत नाही. असेल. मंडईत मला रोज त्यांच्यासमोरून जायचं असतं.

चित्रं बालगंधर्व कलादालनात लावली. आजी आली, इस्त्रीचं लुगडं नेसून. सगळी चित्रं बघितली. मला वाटलं काही बोलेल. ती म्हणाली, "पाटी कुठंय?"

"कसली पाटी?"

"भावाची. गिऱ्हाइकाला कळणार कसं?"

प्रदर्शनात किमतीची यादी वेगळी टेबलावर ठेवतात, भिंतीवर लावत नाहीत, हे मी तिला समजावायला गेले. आणि मध्येच थांबले. कारण ठरवून बघितलं तर माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. कॅटलॉगच्या पाठीमागचा कोरा कागद फाडला, तुकडे केले, आणि प्रत्येक चित्राखाली आकडा लिहून लावला. पहिलीत लिहायचे तसा. अठरापैकी अकरा चित्रं गेली.

दुसऱ्या वर्षी टाळेबंदी आली. मंडई बंद, पेठा सील. आजीचं वय झालं होतं, त्यानंतर तिनं गाळ्यावर बसणं सोडलं. आता आई बसते. शेजारी जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन झालंय, २०२४ पासून गाड्या सुरू आहेत. मंडईत उतरणारी तरुण मुलं मनोऱ्याचे फोटो काढतात. आणि मी अजूनही आठवड्यातून दोन सकाळी गोणपाटावर बसून स्केच करते.

जाता जाता दोन रुपयांचं सांगते. काका आता नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा म्हणाला, ताई, गाळ्यावर नवी पाटी हवी, मोठी, कांदे-बटाट्यांच्या चित्रासकट, आणि खाली मोबाइलवर पैसे द्यायचा तो चौकोन चिकटवायला जागा. मी म्हटलं, "आठशे."

तो म्हणाला, "घरातल्यासारखी आहेस तू."

मी म्हटलं, "म्हणून आठशे."

सातशेवर आला, आणि एक किलो बटाटे. बटाटे मी आधी घेतले, समोर ठेवले आणि त्यांच्यावरूनच काढले. आजीला फोटो दाखवला. तिनं डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाली, "आता बटाट्यावानी दिसतोय."

एवढंच सांगायचं होतं. मंडईत आलात तर आईच्या गाळ्यावर या. कढीपत्ता मिळेल. आधी भाजी घ्या.